डाव्या पायाचं प्रमाणपत्र

सरांचा डावा पाय सव्वीस वर्षं बिनकामाचा होता. म्हणजे चालायला, जिना चढायला, मागच्या बाकावर कुजबूज झाली की जमिनीवर आपटायला तो होताच. पण गाडीत बसल्यावर त्याला काडीचंही काम नसे. उजवा बिचारा ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर, ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर अशा खेपा घालायचा आणि डावा शेजारी पाहुण्यासारखा बसून राहायचा. कारण सरांची गाडी ऑटोमॅटिक. गिअर ती आपले आपणच बदलायची, तिला हवे तेव्हा. कधीकधी सरांना नको असतील तेव्हाही.

गाडी म्हणजे कार नव्हे, पिकअप. पुढे लांब नाक, मागे उघडा हौदा, वय सरांपेक्षा चारच वर्षांनी कमी, आणि रंग हिरवा असावा असा एक अंदाज. आत एकच सलग लांबलचक सीट. त्या सीटवर एका कडेला सर, दुसऱ्या कडेला सरांची बायको आणि मधोमध लेक. लेक पहिल्यांदा त्या जागी बसली तेव्हा आठ दिवसांची होती आणि आता सोळा वर्षांची, आईपेक्षा दोन बोटं उंच झाली होती, तरी जागा तीच. घरात कुणाची खुर्ची कुठली यावर रोज वाद होत. पिकअपमध्ये मात्र सोळा वर्षांत एकदाही झाला नव्हता.

तर ही पिकअप एका सोमवारी, शाळेच्या चढावर, प्रार्थनेला सात मिनिटं असताना थांबली. इंजिन चालू होतं, छान गुरगुरत होतं, पण चाकांशी त्याचं बोलणं बंद झालं होतं. सरांनी खाली उतरून बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि बंद केलं. गणिताचा माणूस उत्तर येत नसलं तरी उदाहरण एकदा पूर्ण वाचतो. मग नववीच्या चौदा मुलींनी आणि अकरा मुलांनी ढकलून गाडी शाळेत नेली, आणि त्या दिवशी सरांनी कुणालाही गृहपाठ विचारला नाही. (हे शाळेच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखं आहे.)

मिस्त्री आले, गाडीखाली गेले. हे गृहस्थ जगाशी गाडीखालून बोलत. पुढच्या नऊ आठवड्यांत सरांनी त्यांचा चेहरा फार थोडा पाहिला. सगळी बोलणी त्यांच्या बुटांशी झाली.

"सर, गिअरबॉक्स गेला," बूट म्हणाले.

"दुरुस्त?"

"याचे पार्ट बनवणारे गेले, सर. बसवणारेही गेले. मीसुद्धा एकदाच उघडला होता, तो परत मिटला नाही."

"मग?"

"हिच्याच बहिणीचा एक साधा गिअरबॉक्स भंगारात पडलाय. हाताने टाकायचे गिअर, खाली क्लच. तो चढवू. होऊन जाईल."

"होऊन जाईल" हे मिस्त्रींचं आवडतं वाक्य. कधी होईल, कसं होईल आणि झाल्यावर काय होईल हे त्यात येत नसे.

सरांनी विचार करायला दोन दिवस घेतले असते, पण त्याच दुपारी वाहन कचेरीचं पत्र आलं. चाळीस वर्षांवरच्या सगळ्या गाड्यांनी पुढच्या महिनाअखेरपर्यंत स्वतःच्या चाकांवर चालत येऊन तपासणी द्यावी; न आल्यास गाडीचं नाव नोंदवहीतून कायमचं कमी होईल. "कायमचं" या शब्दाखाली कुणीतरी पट्टी ठेवून रेघ ओढली होती. नाव कमी झालं की गाडी रस्त्यावर येऊ शकत नाही, आणि रस्त्यावर न येणाऱ्या गाडीला एकच पत्ता उरतो: भंगार.

"महिनाअखेरीला तपासणीत पास झाली तर राहील," बायकोने पत्र वाचून ठेवलं. "नाही झाली तर मी अडवणार नाही, आणि रडणारही नाही."

हे म्हणताना ती भिंतीकडे बघत होती, त्यामुळे दुसऱ्या भागाबद्दल खात्री देता येत नाही.

समोरच्या घरातले कॅप्टन लगेच सल्ला द्यायला आले. बोटीवर तीस वर्षं काढलेला माणूस. यंत्र म्हटलं की त्यांना रस्ता ओलांडायला वेळ लागत नसे. "सर, क्लच म्हणजे काय, इंजिनाला दिलेली सुट्टी," ते हात मागे बांधून म्हणाले. "बोटीवर आम्ही हे रोज करायचो." सर भारावून गेले. त्यांनी वहीत पहिल्या पानावर "टप्पा १" असं लिहून खाली रेघ मारली. सरांच्या मते जगातलं कुठलंही काम टप्पे पाडले की सुटतं.

टप्पा १ होता परवानगी. गाडीत एवढा मोठा बदल करायचा तर कचेरीत अर्ज हवा. खिडकीमागे एक बाई बसत. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि नजर चष्म्याच्या वरून.

"ऑटोमॅटिक करून घ्यायचीय ना?" त्यांनी फॉर्म पुढे सरकवला.

"नाही. ऑटोमॅटिक काढून साधी करायचीय."

बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. "असं कोणी करत नाही हो. लोकांचे गुडघे जातात, मग ते ऑटोमॅटिक करून घेतात. तुम्ही उलटे निघालात."

फॉर्मवर "बदलाचे कारण" या रकान्यात तीनच पर्याय होते: मालकाची शारीरिक अडचण, मालकाचं वय, आणि दोन्ही. सरांनी "यापैकी नाही" असा चौथा पर्याय हाताने लिहिला. इतकी वर्षं प्रश्नपत्रिका काढणाऱ्या माणसाचा हात तो. बाईंनी तो खोडला.

"रकाना मोकळा चालत नाही. असं करा, अडचण होती ती दूर झाली असं दाखवा."

"पण अडचण नव्हतीच मला!"

"मग ऑटोमॅटिक का होती?"

"जन्मापासूनच तशी आहे."

"तुम्ही की गाडी?"

मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. सरांनी सवयीने वळून "कोण हसलं?" असं विचारलं आणि मग आपण कुठे आहोत ते त्यांच्या लक्षात आलं.

शेवटी ठरलं असं: क्लच डाव्या पायाने दाबतात, तेव्हा सरांचा डावा पाय धडधाकट असल्याचं प्रमाणपत्र आणायचं. आता घरातच फिजिओथेरपिस्ट बायको! रोज वीस जणांचे पाय वळवून, वाकवून ठिकाणावर आणणारी बाई. पण नातेवाइकाचं प्रमाणपत्र चालत नाही. त्यामुळे सर तिच्याच दवाखान्यातल्या डॉक्टरांसमोर, स्वतःच्या पत्नीच्या सहकाऱ्यांच्या देखत, डाव्या पायाची पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळून बसले.

"काय होतंय पायाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही होत नाही. तेच लिहून द्या."

डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली. पाय उडाला आणि डॉक्टरांचं पेन पडलं. तेवढं पुरलं. "डावा पाय उत्तम. किंचित आळशी," असं त्यांनी लिहिलं. "आळशी" हा वैद्यकीय शब्द आहे का, हे विचारायचं सरांनी टाळलं. आजूबाजूला हसू दाबणारे फार होते.

प्रमाणपत्र घेऊन सर खिडकीवर गेले. बाईंनी ते वाचलं, शिक्का मारला, मग सरांचा वाहन परवाना हातात घेऊन चष्म्याच्या वरून पाहिलं, खालून पाहिलं, शेवटी चष्म्यातूनही पाहिलं.

"सर, यावर कोपऱ्यात 'फक्त ऑटोमॅटिक' लिहिलंय."

सव्वीस वर्षांपूर्वी सरांनी परीक्षा दिली ती याच पिकअपवर. तेव्हापासून तो परवाना पाकिटात फोटोच्या बाजूने वर होता. कोपरा कुणी वाचलाच नव्हता.

"म्हणजे?"

"म्हणजे गाडी तुमची, पण बदल केल्यावर ती तुम्हाला चालवता येणार नाही. तपासणीच्या दिवशी तुमचीही परीक्षा होईल. ती निरीक्षक घेतील. दोघं पास झालात तर नाव राहील."

"दोघं म्हणजे मी आणि गाडी?"

"एक नापास की दोन्ही नापास," बाई म्हणाल्या आणि त्यांनी खिडकीची काच सरकवली, कारण चहा आला होता.

घरी आल्यावर सरांनी ही बातमी जेवताना, तोंडात घास असताना सांगितली, म्हणजे नीट ऐकू जाऊ नये. गेली. लेक इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. "बाबा, तुम्हाला परीक्षा! तोंडी की लेखी?" बायको हसली नाही. तिने टेबलाखालून त्यांचा डावा पाय आपल्या पायाने दाबून पाहिला आणि म्हणाली, "पोटरीत जोर नाही. उद्यापासून जिन्यावर पंचवीस वेळा."

इकडे गाडी ओढून घरच्या अंगणात आणून मिस्त्री कामाला लागले होते. जुना गिअरबॉक्स उतरला. एका म्हाताऱ्या कासवाला पाठीवर झोपवावं तसा तो अंगणात पडला. नवा, म्हणजे त्याच्याहून जुना, गिअरबॉक्स चढवायला आख्खा रविवार गेला. सर दिवा धरून, लेक पाने देत, कॅप्टन सूचना देत. संध्याकाळी शेवटचा बोल्ट आवळून मिस्त्री बाहेर आले, हात पुसायला खिशात फडकं शोधू लागले, आणि त्यांच्या हाताला एक पितळी कडं लागलं. अंगठीएवढं.

"हे काय?" लेकीने विचारलं.

मिस्त्रींनी ते उजेडात धरलं. मग म्हणाले, "गिअरबॉक्सचं टोक इंजिनात टेकतं ना, तिथे हे आधी बसवायचं असतं."

"काही नाही हो," कॅप्टन म्हणाले, "बोटीवर प्रत्येक कामानंतर असं काहीतरी उरायचंच. आम्ही बरणीत टाकून ठेवायचो."

"कसली बरणी?" बायकोने दारातून विचारलं. दवाखान्यात वर्षानुवर्षं काढलेल्या तिला माणसं कुठे हळवी आहेत ते बोट लावल्याबरोबर कळत असे. "कॅप्टन, बोटीवर तुम्ही नक्की कुठल्या खात्यात होता?"

कॅप्टनांनी आकाशाकडे पाहिलं. "मुदपाकखाना," ते हळूच म्हणाले. "पण इंजिनरूमच्या अगदी वरच होता. सगळं ऐकू यायचं."

पुढचा रविवार गिअरबॉक्स उतरवून, कडं बसवून, पुन्हा चढवण्यात गेला. कॅप्टनांनी त्या दिवशी सूचना दिल्या नाहीत, चहा मात्र इतका सुरेख केला की सगळ्यांनाच आपण आजवर त्यांचा कसा दुरुपयोग केला ते कळलं.

मग आला लांब दांडा, गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत फिरणारा. नव्या गिअरबॉक्सची लांबी वेगळी, म्हणून दांडाही नव्या मापाचा करून घ्यायचा. माप म्हटल्यावर सरांनी मिस्त्रींना बाजूला सारलं. मोजमापात कुणी लुडबूड केलेली त्यांना खपत नाही. तीन वेळा मोजून, सरासरी काढून, मिलिमीटरपर्यंत आकडा त्यांनी कागदावर लिहिला आणि खाली सही केली. दांडा तयार होऊन आला. गाडी जॅकवर उचललेली होती, दांडा असा बसला की जणू तिथेच वाढला होता. सरांनी सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं. मग मिस्त्रींनी जॅक काढले, गाडी जमिनीवर टेकली, चाकं वर सरली, आणि दांडा दोन बोटं लांब झाला.

"सर, माप गाडी उभी असताना घ्यायचं असतं," बूट म्हणाले. "लटकत असताना नाही."

"आकडा बरोबरच होता," सर म्हणाले. "फक्त गाडी हवेत होती."

यावर बायकोने तोंडावर पदार्थविज्ञानाचं पुस्तक धरलं. ते लेकीचं होतं आणि उलटं होतं.

पण खरी गंमत, किंवा गंमत नसलेली गोष्ट, झाली ती पुढच्या शनिवारी. मिस्त्रींनी गाडीच्या आत, तळाच्या पत्र्यावर, खडूने एक वर्तुळ काढलं. तिथे भोक पाडायचं, त्यातून गिअरचा दांडा वर येणार. सर शाळेतून आले आणि त्यांनी ते वर्तुळ पाहिलं. सुबक होतं. बरोब्बर सीटच्या मधोमध, जिथे लेक पाय ठेवून बसते तिथे.

"इथेच हवंय?" सरांनी विचारलं.

"गिअरबॉक्स जिथे तिथे दांडा, सर."

"थोडं डावीकडे?"

"मग तो गिअरबॉक्समध्ये नाही, मॅडमच्या पर्समध्ये जाईल."

लेक दारात उभी होती. "मग मी कुठे बसू?"

"मागे हौद्यात," मिस्त्री म्हणाले. "हवा छान लागते."

कोणी हसलं नाही. सरांनी खडूचं वर्तुळ बोटाने पुसायचा प्रयत्न केला, जसा फळ्यावर चुकीचा आकडा पुसतात. मग त्यांना जाणवलं की गणित सगळं बरोबर सुटत आलंय आणि उत्तर मात्र नको ते येतंय. गाडी वाचवायची ती तिघांनी बसायला, आणि वाचवताना एकाची जागा जात होती.

ते वहीतलं पान फाडणार, इतक्यात लेक आत चढली. आपल्या जागी बसली. एक पाय वर्तुळाच्या अलीकडे, एक पलीकडे. दोन्ही गुडघे बाहेर काढून तिने वर पाहिलं. "पाडा भोक. मी बसते की अशी! घोड्यावर नाही का बसत?"

"तू कधी घोड्यावर बसलीयस?" आईने विचारलं.

"नाही. पण दिसतंय सोपं."

भोक पडलं. दांडा बसला. वर काळा गोल लाकडी लट्टू. सगळं जोडून झालं, महिना संपायला अकरा दिवस होते. सर चालकाच्या जागी बसले आणि त्यांनी किल्ली फिरवली.

काही नाही. खर्र नाही, खुट्ट नाही.

चार दिवस मिस्त्रींनी बॅटरी बदलली, तारा तपासल्या, एकदा गाडीला लाथही मारली आणि लगेच तिची माफी मागितली. पाचव्या दिवशी लेक गाडीचं जुनं माहितीपुस्तक घेऊन शाळेतून पळतच आली. भूगोलाच्या तासाला ते पुस्तकाच्या आत ठेवून वाचलं होतं, ही माहिती तिने गाळली. "बाबा! ऑटोमॅटिकमध्ये गिअर 'थांबा'वर असल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही. तिला अजून वाटतंय की जुना दांडा आहे, आणि तो तुम्ही 'थांबा'वर न्यायची ती वाट बघतेय!"

सगळ्यांनी गाडीकडे पाहिलं. गाडी आठ आठवडे अंगणात उभी होती, पोटातलं सगळं बदललं होतं, आणि ती इमानेइतबारे वाट बघत होती. मिस्त्रींनी दोन तारा एकमेकींना जोडल्या. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. सरांनी चष्मा काढून पुसला आणि धूर फार झालाय असं म्हणाले. धूर मागच्या बाजूला होता.

उरले सहा दिवस, आणि टप्पा शेवटचा: सरांनी शिकणं. हेडमास्तरांच्या परवानगीने शाळेचं मैदान मिळालं. पहिल्या दिवशी सव्वीस वर्षं झोपलेला डावा पाय असा जागा झाला की त्याने क्लचऐवजी शेजारचा ब्रेक दाबला, तोही सगळ्या ताकदीनिशी. जिन्यावरच्या पंचवीस फेऱ्यांचा तो परिणाम. शेजारी बसलेले कॅप्टन समोरच्या काचेवर गेले. ऑटोमॅटिकचा ब्रेक म्हणजे केवढा, वहीएवढा रुंद! मिस्त्रींनी तो करवतीने कापून अर्धा केला. कॅप्टनांनी त्यानंतर मैदानाबाहेर उभं राहून पाहणं पसंत केलं.

दुसऱ्या दिवशी तिघं बसले. लेक मध्ये, घोड्यावर. सरांनी क्लच दाबला, दांडा एकवरून दोनवर ओढला आणि तो लेकीच्या गुडघ्यावर आदळला. "आई गं!" तीनवर जाताना दुसरा गुडघा. चौथ्या वेळी लेकीने गुडघा वाचवायला दांड्यावर हात ठेवला. पाचव्या वेळी तो तिनेच ओढला, हळू, लोण्यातून सुरी जावी तसा.

"असं कर," सर म्हणाले. त्यांचा डोळा समोर, दोन्ही हात चाकावर, आणि सगळी बुद्धी डाव्या पायात. "मोठं उदाहरण तुकड्यांत सोडवायचं. मी पाय बघतो, तू हात बघ."

आणि काय सांगावं! सर "दोन!" म्हणत, क्लच खाली, लेकीचा हात मागे, क्लच वर. "तीन!" पुढे. संध्याकाळपर्यंत गाडी मैदानात अशी फिरत होती की फुटबॉल खेळणाऱ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. पुढचे दिवस दोघांनी हेच पक्कं केलं. वहीत सरांनी लिहिलं: "पाय झाला. हात नंतर." नंतर कधी, ते लिहायचं राहिलं. आणि लेक नेहमीच मध्ये बसते, तेव्हा परीक्षेला ती मध्ये नसेल असं तिघांपैकी एकाच्याही मनाला शिवलं नाही.

शेवटची तारीख उजाडली. सरांना साध्या गाडीचा परवाना नाही, म्हणून कचेरीपर्यंत गाडी मिस्त्रींनी चालवली, शेजारी लेक आणि बायको. सर आपल्याच गाडीमागून कॅप्टनांच्या स्कूटरवर आले. स्कूटर बोटीच्या वेगाने चालत होती. सायकली पुढे जात होत्या.

निरीक्षक शांत, मिशीवाले, हातात फळी आणि फळीला कागद. त्यांनी गाडी खालून, वरून, पुढून, मागून पाहिली, तासभर. "गाडी पास," ते म्हणाले. सरांचा जीव अर्धा भांड्यात पडला. "चला, आता तुम्ही. बाकीचे उतरा."

"बाकीचे म्हणजे?" लेकीने विचारलं. तिचा हात लट्टूवरच होता.

"गाडीत चालक आणि मी. बस."

लेक उतरली. उतरताना तिने बाबांकडे असं पाहिलं, जसं मुलं पेपर हातात पडल्यावर सरांकडे बघतात. दार लागलं.

सरांनी क्लच दाबला, पहिला गिअर कसाबसा टाकला, गाडी निघाली. कचेरीच्या आवारात मोठं वर्तुळ मारायचं होतं. इंजिन ओरडू लागलं. सरांनी क्लच दाबला, दोन्ही हात चाकावर घट्ट, आणि सवयीने म्हणाले, "दोन!"

निरीक्षकांनी त्यांच्याकडे पाहिलं. इंजिन आणखी ओरडलं. "दोन!" सरांचा वर्गातला आवाज, ज्या आवाजाने मागचा बाक सरळ होतो. आणि निरीक्षकांचा हात, बहुधा तेही कधीकाळी अशाच एका वर्गात बसले असतील, झटकन पुढे झाला आणि दांडा दोनवर गेला. लोण्यासारखा.

"तीन," सर म्हणाले. तीन पडला. गाडी डौलात वळली. भिंतीपलीकडे कॅप्टनांनी हात उंचावला. आणि मग, वर्तुळ अर्धं झालं असताना, सरांनी ब्रेक दाबून गाडी थांबवली.

"का थांबलात? छान चाललंय," निरीक्षक म्हणाले. त्यांचा हात अजून लट्टूवर होता. तो त्यांनी पाहिला आणि उचलून पटकन फळीवर ठेवला.

सर समोर बघत राहिले. सव्वीस वर्षांत त्यांनी मुलांच्या बाह्यांतून, पट्ट्यांवरून, बुटांतूनही उत्तरं काढली होती आणि कुणाला सोडलं नव्हतं. "साहेब," ते म्हणाले, "ही कॉपी झाली. गिअर तुम्ही टाकलेत. मला ते येत नाहीत. आतापर्यंत लेक टाकत होती."

निरीक्षकांनी मिशीवरून हात फिरवला. "मी काही पाहिलं नाही असं म्हणालो तर?"

"तर मी उद्या वर्गात काय तोंड दाखवू?"

"आणि नापास झालात तर गाडी गेली. आज शेवटचा दिवस."

"माहीत आहे," सर म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासून घ्या. तुम्ही हात मांडीवर ठेवा."

निरीक्षकांनी खरोखर दोन्ही हात मांडीवर ठेवले.

त्यानंतर जे झालं त्याला चालवणं म्हणायचं का, यावर आवारात दोन मतं होती. पहिला गिअर ठीक पडला. दोनला दांडा असा करकरला की खिडकीवरच्या बाई काच सरकवून बाहेर आल्या. तीन सापडेना, सरांनी तो दोन ठिकाणी शोधला, तिसऱ्या ठिकाणी मिळाला. गाडी उड्या मारत होती, सर प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणत होते आणि मग स्वतःच्याच हाताला ओढून तिकडे नेत होते. भिंतीजवळ लेक डोळे मिटून उभी होती आणि तिचा हात हवेत मागे-पुढे होत होता. तिच्या आईने तो धरून ठेवला. "त्यांचं त्यांना करू दे," ती म्हणाली. आणि हो, ती भिंतीकडे बघत नव्हती.

वर्तुळ पूर्ण झालं. गाडी एकदा खोकून उभी राहिली. निरीक्षक बराच वेळ लिहीत होते. मग त्यांनी कागद फाडून दिला. "पास. कौशल्यात काठावर आहात," ते म्हणाले. "बाकीचं धरून पास." शेऱ्याच्या जागी त्यांनी लिहिलं होतं: "चालक आकडे मोठ्याने म्हणतो. हरकत नाही."

बाईंनी नोंदवहीत गाडीच्या नावापुढे शिक्का मारला, आणि परवान्याच्या कोपऱ्यातला तो मजकूर स्वतःच्या हाताने खोडला. मिस्त्रींनी सरांचा हात हातात घेतला, चेहरा वर करून, आणि सरांना पहिल्यांदाच दिसलं की त्यांना खळी पडते.

निघायची वेळ झाली. सर चालकाच्या जागी बसले. लेक सवयीने मध्ये सरकणार, तर तिच्या आधी आई आत चढली, पर्स मांडीवर घेतली, एक पाय दांड्याच्या अलीकडे टाकला, एक पलीकडे, आणि लट्टूवर हात ठेवला.

"आई! ती माझी जागा आहे!"

"नऊ आठवडे तुम्ही दोघं मजा करताय आणि मी जिन्यावर फेऱ्या मोजतेय. बस तिकडे खिडकीशी." ती नवऱ्याकडे वळली. "अहो, दाबा तो तुमचा पाय. आणि सांगा आकडा."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "एक!"

बायकोने दांडा दोन्ही हातांनी धरला आणि मन लावून, पूर्ण आत्मविश्वासाने, भलतीकडे ओढला. सरांनी क्लच सोडला. पिकअप फाटकाच्या तोंडाशी क्षणभर थरथरली आणि मग सगळ्यांच्या देखत, सावकाश, डौलात, मागे मागे कचेरीकडे निघाली. निरीक्षक फळी छातीशी धरून बाजूला झाले. कॅप्टनांनी स्कूटर सोडून उडी मारली.

"थांबवा! थांबवा!" लेक खिडकीतून ओरडत होती, हसून हसून तिला श्वास घेता येत नव्हता. "आई, उलटा टाकलास!"

सरांनी ब्रेक दाबला. बायकोचा चेहरा पडला होता. सरांनी पेपर तपासताना करतात तसा घसा साफ केला.

"रीत बरोबर आहे," ते म्हणाले. "फक्त चिन्ह चुकलं. पुन्हा कर."